नोकरी सोडली, प्रश्न नाही सोडला!

महर्षींचा मुलगा, मॅट्रिकला पहिला, गणिताचा प्राध्यापक. आयुष्य आरामात गेलं असतं. पण र. धों. कर्वे यांनी अशा विषयाला हात घातला, ज्याचं नाव काढलं तरी लोक कानावर हात ठेवायचे. त्याला आता शंभर वर्षं उलटून गेली. परभणीतल्या पोरींसाठी मात्र तो विषय अजून जुना झालेला नाही.

कर्वे म्हटलं की आपल्याला कोण आठवतं? महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षण, विधवाविवाह, महिला विद्यापीठ, भारतरत्न. स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये त्यांच्यावर हमखास प्रश्न असतो. त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव मात्र आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय?

रघुनाथ धोंडो कर्वे. जन्म 14 जानेवारी 1882, कोकणातल्या मुरूडचा. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, 1891 मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. तेव्हा अशा मरणाचं कुणाला फारसं आश्चर्य वाटत नसे. घरोघरी अशी एखादी बाई असायचीच. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाने कर्वे कुटुंबाला वाळीत टाकलं. म्हणजे बाईचं शरीर किती सोसतं आणि समाज कसा अंगावर येतो, हे दोन्ही या मुलाने दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत पाहिलं होतं.

पोरगं हुशार होतं. 1899 च्या मॅट्रिकला ते पहिलं आलं. पुढे फर्ग्युसनमधून बी.ए., गणिताच्या वरच्या शिक्षणासाठी पॅरिस आणि मग मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापकी. त्या काळात याला सेटल होणं म्हणायचे.

गिरगावातलं केंद्र

1921 साली मेरी स्टोप्स या बाईंनी लंडनमध्ये संततिनियमनाचा दवाखाना काढला. इंग्लंडमध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला! त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी आपलं संततिनियमन केंद्र सुरू केलं. पाठीशी सरकार नाही, संस्था नाही, देणगीदार नाही. सोबतीला होत्या पत्नी मालतीबाई. या कामापायी दोघांनी स्वतःला मूल होऊ न देण्याचं ठरवलं आणि ते पाळलं.

हे दोघं सांगत काय होते? मूल कधी हवं, किती हवीत, हवंच की नको, हे नशिबावर सोडायची गरज नाही. त्यासाठी साधनं आहेत, ती कशी वापरायची हे शिकता येतं. आणि दर दीड वर्षाने बाळंत होणारी बाई देवाच्या मर्जीने मरत नाही, माहिती नसल्यामुळे मरते. आज आपल्याला यात काय विशेष, असं वाटेल. तेव्हा लोकांना तो अधर्म वाटला. गांधीजींसारख्या नेत्यालाही कृत्रिम साधनं मान्य नव्हती. त्यांचा भर संयमावर होता. 1935 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, तरी त्यांचं मत बदललं नाही.

कर्व्यांचं म्हणणं सरळ होतं. संयमाचा उपदेश पुरुषाला करायचा आणि त्याने तो पाळला नाही की भोगायचं बाईने, हे गणित त्यांना पटत नव्हतं. साधन बाईच्या हातात असलं पाहिजे आणि त्याची माहिती तिला आधी मिळाली पाहिजे. यातला ‘आधी’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

1923 मध्ये त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिलं. कॉलेजच्या मिशनरी व्यवस्थापनाला आपल्या प्राध्यापकाचे हे उद्योग रुचेनात. नोकरी किंवा प्रचार, एकच काय ते निवडा, अशी वेळ आली. 1925 मध्ये कर्व्यांनी राजीनामा दिला. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार बंद झाला आणि पैशाची चणचण कायमची मागे लागली.

मासिक आणि कोर्टाच्या पायऱ्या

जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन, स्त्री-पुरुष समता असे त्याचे विषय. वाचक पत्राने प्रश्न विचारायचे आणि कर्वे न लाजता, न रागावता, शास्त्राला धरून उत्तरं द्यायचे. जे प्रश्न आज आपण रात्री उशिरा मोबाइलवर गुपचूप सर्च करतो ना, तेच प्रश्न तेव्हा पोस्टाने यायचे.

सनातनी मंडळी गप्प बसणं शक्यच नव्हतं. अश्लीलतेच्या आरोपावरून 1931 मध्ये पहिला खटला झाला आणि दंडही. 1934 मध्ये पुन्हा अटक. या वेळी निमित्त होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचं. तेव्हा कर्व्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं माहितीये? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नांवरच्या मासिकात वाचकाने तसे प्रश्न विचारले आणि संपादकाने उत्तरं दिली, तर त्यात अश्लील काय, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टाने तो मानला नाही. पुन्हा दंड झाला. कर्व्यांनी तो भरला आणि मासिक चालूच ठेवलं.

बाबासाहेब या खटल्यात उगाच पडले नव्हते. त्यांना आणि रमाबाईंना पाच मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. गरिबी, लागोपाठची बाळंतपणं आणि बाईची खालावत जाणारी तब्येत त्यांनी घरातच पाहिली होती. 10 नोव्हेंबर 1938 ला मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी एक ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा प्रचार सर्वसामान्य जनतेत करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी द्याव्यात, अशी मागणी त्यात होती. ठराव फेटाळला गेला.

या ठरावातला ‘सर्वसामान्य जनता’ हा भाग फार मोलाचा आहे. कारण कर्व्यांच्या कामाची मर्यादा नेमकी तिथेच होती. ‘समाजस्वास्थ्य’ वाचायला वाचता यायला हवं. 1931 च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांमध्ये साक्षर बायका तीनसुद्धा नव्हत्या. साधनं विकत घ्यायला पैसे हवेत, केंद्रावर यायला मुंबई हवी. गिरगावातल्या शिकलेल्या घरातली बाई कर्व्यांपर्यंत पोचू शकत होती. गिरणी कामगाराच्या खोलीतली बाई क्वचितच. आणि आपल्या भागातली? परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. जिंतूर किंवा गंगाखेडच्या एखाद्या बाईपर्यंत हे मासिक पोचणं म्हणजे दुसऱ्या मुलखातून निरोप येण्यासारखं होतं.

म्हणजे गरज सगळ्यात जास्त जिला, तिच्यापर्यंत माहिती सगळ्यात शेवटी. 1938 चा ठराव हेच बदलू पाहत होता.

सरकार आलं, पण कसं?

1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असं करणारा भारत जगातला पहिला देश. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 ला र. धों. गेले. शेवटपर्यंत ते मासिकाचं काम करत होते. सव्वीस वर्षं अंक निघत राहिला. त्यांच्या मासिकात लिहिणाऱ्या शकुंतला परांजपे यांनी हे काम पुढे नेलं, नंतर त्या राज्यसभेतही गेल्या.

मग कर्वे जिंकले म्हणायचे का? अर्धेच. सरकारने साधनं घेतली, पण कर्व्यांचा विचार बराचसा मागे ठेवला. कर्वे बोलत होते बाईच्या आरोग्याबद्दल आणि तिच्या निर्णयाबद्दल. सरकारी कार्यक्रम मात्र हळूहळू लोकसंख्येच्या आकड्यांभोवती फिरू लागला. आणीबाणीत, 1976-77 मध्ये, देशभरात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यात बहुतांश पुरुषांच्या. जबरदस्ती इतकी झाली की पुढे पुरुषांनी या शस्त्रक्रियेकडे पाठच फिरवली. सगळा भार आला बायकांवर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019-21 मध्ये झाली. त्यात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास 38 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीवर अवलंबून असलेली जोडपी किती? 0.3 टक्के. शिवाय 35 टक्के पुरुषांनी सांगितलं, की गर्भनिरोध ही बाईचीच बाब आहे. कर्व्यांनी हे वाचलं असतं तर पुढच्या अंकाचा अग्रलेख ठरलाच होता.

आपल्या जिल्ह्याचा आकडा

आता त्याच सर्वेक्षणातला घरचा आकडा बघा. परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास आणि आपण तिच्या दुपटीहून वर. म्हणजे शाळेत तुमच्या बाकावर बसणाऱ्या मुलींपैकी कितीजणी कॉलेजपर्यंत आल्याच नाहीत, ते आठवून बघा.

आता दोन मुली डोळ्यांपुढे आणू. एक परभणी शहरातली, कृषी विद्यापीठात शिकणारी. लग्न पंचविशीत. नवरा-बायको दोघं बोलतात, मेडिकलमधून हवं ते आणतात, मूल कधी ते ठरवतात. दुसरी सोनपेठ किंवा पालमकडच्या एखाद्या खेड्यातली. दहावीच्या आसपास शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न, वर्षात पाळणा. दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला बाहेरच्या जिल्ह्यात. गावातली आशाताई गावातच राहिली, ही फडावर. गोळ्यांचं पाकीट कुठून आणणार? सासू म्हणते, आधी दोन होऊ द्या, मग ऑपरेशन करून टाकू. वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी ऑपरेशन होतं. आणि सरकारी नोंदीत या दोघी एकाच रकान्यात बसतात: गर्भनिरोधक साधन वापरणाऱ्या!

खरी विषमता इथे लपलेली आहे. ती फक्त कोण साधन वापरतं आणि कोण नाही, एवढ्यापुरती नाही. कोणतं साधन, कोणत्या वयात, कुणाच्या निर्णयाने, हा तिचा गाभा आहे. शिकलेल्या, बऱ्या घरातल्या बाईला तात्पुरत्या साधनांचे पर्याय मिळतात. कमी शिकलेल्या, गरीब बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच कायमचं साधन येतं, तेही सगळं होऊन गेल्यावर. पहिलं बाळंतपण लांबवता येतं, दोन मुलांत अंतर ठेवता येतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. कर्व्यांचा तो ‘आधी’ हा शब्द म्हणून लक्षात ठेवायला सांगितला होता.

बरं, आता साधनं महाग किंवा परदेशी राहिलेली नाहीत. निरोध, माला-एन, तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी हे सगळं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असतं. कर्व्यांना ज्यासाठी नोकरी सोडावी लागली, ते आज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ठेवलेलं आहे. मधली अडचण आहे ती वयाची, शिक्षणाची, पैशाची आणि हो, लाजेचीही. सतरा वर्षांची सून ते मागायला एकटी जाऊ शकत नाही. तिचा नवरा, जो कदाचित तुमच्याच वयाचा आहे, तो जाऊ शकतो. पण जात नाही.

आणि आपण तरी काय वेगळे? दहावीला प्रजननाचा धडा आला की सर म्हणतात, घरी वाचा. मागच्या बाकावर खसखस पिकते, मुली वहीत डोकं घालतात. संपला विषय. यातल्या काहीजणी पुढच्या दोन वर्षांत सासरी गेलेल्या असतात, तो धडा न वाचताच.

र. धों. कर्व्यांच्या कामावर अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा काढला, अजित दळवींनी ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिलं. मिळालं तर जरूर बघा. पण त्याहून सोपं एक काम आपल्याला करता येईल. घरात, गावात, मित्राचं किंवा बहिणीचं लग्न ठरेल, तेव्हा आहेराच्या यादीबरोबर हाही विषय निघू द्या. मुलीचं वय किती, तिला पुढे शिकायचंय का, आणि मूल कधी हवं हे ती दोघं बोललीत का? एका गणिताच्या प्राध्यापकाने हेच प्रश्न उघडपणे विचारायची किंमत नोकरी, पैसा आणि अब्रू देऊन चुकवली. आपल्याला ते विचारायला फार तर एखाद्या मामाचा राग सोसावा लागेल.