वडिलांचे वय

२० जुलै १९८४. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात हार्डविक नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील रस्त्याच्या कडेला धावण्याच्या कपड्यांतला एक माणूस निपचित पडलेला सापडला. वय ५२. ओळख पटली, तेव्हा साऱ्या अमेरिकेला धक्का बसला. ते जिम फिक्स होते. लाखो लोकांना बूट घालून घराबाहेर काढणारा हा लेखक रोजचे धावणे चालू असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला.

व्यायामाचा कंटाळा असणाऱ्यांना आयतेच कारण मिळाले. धावून काय उपयोग, असे तेव्हा अनेकांनी म्हटले आणि आजही म्हणतात. जिममध्ये किंवा मॅरेथॉनमध्ये कोणी कोसळल्याची बातमी आली की माझ्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न हमखास येतो. म्हणून फिक्स यांची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

जेम्स फिक्स यांचा जन्म २३ एप्रिल १९३२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील कॅल्विन हे ‘टाइम’ साप्ताहिकात संपादक होते. त्यांना ३५ व्या वर्षी हृदयविकाराचा पहिला झटका आला आणि ४३ व्या वर्षी ते गेले. मुलगाही पुढे नियतकालिकांच्या संपादनात शिरला. बैठे काम, वेळेचा ताण, खाण्यापिण्याला धरबंध नाही आणि दिवसाला सिगारेटची दोन पाकिटे. पस्तिशीत वजन सुमारे ९७ किलो झाले होते. म्हणजे वडिलांना झटका आला त्याच वयात जिम फिक्स त्याच वाटेवर उभे होते.

१९६७ मध्ये टेनिस खेळताना त्यांच्या पोटरीचा स्नायू दुखावला. पाय पुन्हा बळकट व्हावा म्हणून ते हळूहळू धावू लागले आणि त्यात रमले. सिगारेट सुटली. दहा वर्षांत वजन सुमारे २७ किलोंनी उतरले. ते रोज मैलोन्‌मैल धावू लागले, मॅरेथॉनमध्ये उतरले. १९७७ मध्ये त्यांचे ‘द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग’ हे पुस्तक आले. लाल मुखपृष्ठावर धावणारे पाय होते, तेही त्यांचे स्वतःचे. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. अमेरिकेत रस्त्यावर धावणे ही सर्वसामान्यांची सवय झाली, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

त्याच काळात थॉमस बासलर या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने एक दावा केला होता. धूम्रपान न करणाऱ्या आणि मॅरेथॉन पुरी करू शकणाऱ्या माणसाच्या हृदयाच्या धमन्यांना आजार जडत नाही, असा तो दावा होता. पुढे तो खोटा ठरला, पण तेव्हा धावणाऱ्यांना तो हवाहवासा वाटला. १९८३ च्या अखेरीस फिक्स टेक्सासमधील डॅलस येथे डॉ. केनेथ कूपर यांच्या केंद्रात गेले होते. ‘एरोबिक्स’ हा शब्द घरोघरी पोहोचवणारे ते हेच कूपर. तेथे त्यांना पट्ट्यावर चालवून हृदयाची ताणचाचणी करण्याचे सुचवण्यात आले. फिक्स यांनी ती केली नाही. त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी ते गेले.

शवविच्छेदनात दिसले की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही प्रमुख धमन्यांत मेदाचे थर साचले होते. त्यांतली एक जवळजवळ पूर्ण बुजली होती. इतके धावणाऱ्या माणसाच्या धमन्या अशा का झाल्या?

याचे बरेचसे उत्तर त्याच डॅलस शहरात शोधले जात होते. तेथील विद्यापीठात मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन डॉक्टर काही कुटुंबांत तरुणपणीच झटके का येतात, याचा अभ्यास करत होते. रक्तातले कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या कणांत भरलेले असते. हे कण म्हणजे मालाच्या होड्या समजा. यकृताच्या पेशींवर या होड्या लागण्यासाठी धक्के असतात. धक्का मिळाला की माल उतरतो आणि रक्त मोकळे होते. हे धक्के बांधण्याची आज्ञा आपल्या जनुकांत असते. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून सदोष जनुक आले, तर धक्के निम्मेच उरतात. मग होड्या रक्तात फिरत राहतात आणि शेवटी धमनीच्या भिंतीत शिरतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना या शोधासाठी १९८५ चे नोबेल मिळाले, फिक्स गेल्यानंतर सव्वा वर्षाने.

या एका दोषाचा आजार साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला असतो. पण आनुवंशिकता एवढ्यावर संपत नाही. बऱ्याच घराण्यांत अनेक जनुकांचा थोडा थोडा परिणाम एकत्र येतो. लायपोप्रोटीन (ए) नावाचा आणखी एक कण आहे. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जन्मतः ठरते.

आता धावण्याकडे वळू. व्यायामाने रक्तदाब, साखर, वजन आणि ट्रायग्लिसराइड्स यांवर चांगला परिणाम होतो, हृदयाचा स्नायू दमदार होतो. पण जन्मतः कमी असलेले धक्के व्यायामाने वाढत नाहीत, एलडीएल त्याने फार उतरत नाही. शिवाय धमनीची हानी किती होते, हे कोलेस्टेरॉल किती होते आणि किती वर्षे होते, या दोन्हींवर ठरते. फिक्स यांनी बूट घातले तेव्हा पस्तीस वर्षांचा हिशेब आधीच जमा झाला होता, त्यात सिगारेटची भर होती.

मग धावणे त्यांना भोवले का? १९८४ मध्येच अमेरिकेतील सिअॅटल परिसरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोरकस व्यायामाच्या वेळेपुरता हृदय बंद पडण्याचा धोका वाढतो, पण नियमित व्यायाम करणाऱ्यांचा एकूण धोका न करणाऱ्यांपेक्षा कमी असतो, असे त्यात दिसले. फिक्स वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक जगले. त्यांनी सिगारेट सोडली, वजन उतरवले, हे योग्यच केले. राहून गेली ती तपासणी.

त्याच वर्षी जानेवारीत ३,८०६ पुरुषांवरील एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले होते. औषधाने कोलेस्टेरॉल उतरवले की हृदयविकाराचे झटके आणि त्यांनी होणारे मृत्यू १९ टक्क्यांनी कमी होतात, हे त्यात दिसले. स्टॅटिन गटातले पहिले औषध अमेरिकेत १९८७ मध्ये बाजारात आले. फिक्स यांना ते मिळू शकले नाही. आज ते आपल्या सरकारी रुग्णालयांतही मिळते.

आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षे आधीच गाठतो. तरी चाळिशीतला रुग्ण सांगतो की मी रोज पाच किलोमीटर चालतो, शाकाहारी आहे, तूपही खात नाही. मी विचारतो, वडिलांना त्रास कितव्या वर्षी झाला? पुष्कळदा उत्तर येते, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस.

वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर विशीतच कोलेस्टेरॉल तपासून घ्या. लायपोप्रोटीन (ए) आयुष्यात एकदा मोजले तरी पुरते. एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल, तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करा. चालताना छाती, घसा, जबडा किंवा हात आवळल्यासारखा वाटला आणि थांबल्यावर बरे वाटले, तर पित्त समजून अंगावर काढू नका. औषध चालू असताना आकडा खाली आला, तर तो औषधामुळे आला आहे, म्हणून मनाने गोळी बंद करू नका. ताणचाचणी चांगली आली तरी कोलेस्टेरॉलकडे दुर्लक्ष नको. आणि चालणे, धावणे चालूच ठेवा.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना एका कागदावर आई-वडील, काका, मामा, आत्या, मावशी यांपैकी कोणाला हृदयाचा त्रास कितव्या वर्षी झाला, ते लिहून न्या. आमची तपासणी तेथूनच सुरू होते.