अर्ध्या वाटेवरून परतलेला यात्रिक : गुरु घासीदास

भिलाई, १८ डिसेंबर : जगन्नाथपुरीच्या यात्रेला निघालेला एक शेतमजूर सारंगढपर्यंत गेला आणि तेथूनच माघारी फिरला. देवाच्या शोधासाठी पुढे जाण्याची गरज उरली नाही, असे त्याला जाणवले होते. सतनामी परंपरेत सांगितल्या जाणाऱ्या या प्रसंगातच संत गुरु घासीदास यांच्या साधनेचे बीज आहे. आज त्यांची जयंती.

घासीदास यांचा जन्म १८ डिसेंबर १७५६ रोजी गिरौदपुरी येथे झाल्याचे मानले जाते. वडील महंगूदास, आई अमरौतिन, पत्नी सफुरा. दोन वर्षांनी बिंबाजी भोसले रतनपूरला आले आणि छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली नांदू लागले. राज्यकर्ते बदलले, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची स्थिती बदलली नाही. घासीदास त्याच समाजातील होते. मंदिराचा उंबरठा त्यांच्यासाठी नव्हता.

यात्रेवरून परतल्यावर त्यांनी सोनाखानच्या अरण्याची वाट धरली. छाता पहाडावर औरा-धौरा वृक्षाखाली त्यांनी सहा महिने एकांतात ध्यान केले, असे परंपरा सांगते. समोर मूर्ती नव्हती, हाती पोथी नव्हती. होते ते केवळ सतनामाचे, म्हणजे सत्य हेच ज्याचे नाव त्या निराकाराचे चिंतन. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबांनी शोधलेला एकांत मराठी वाचकाला येथे सहज आठवेल.

घासीदास अरण्यातच राहिले नाहीत. ईश्वर अंतरात आहे, तर मध्यस्थाची गरज नाही. तो सर्वांच्या अंतरात आहे, तर कोणी उच्च-नीच नाही, हा ध्यानात गवसलेला अर्थ त्यांनी गावोगाव सांगितला. मूर्तिपूजा, जातिभेद, मद्य आणि मांस यांचा त्याग करण्यास त्यांनी अनुयायांना सांगितले. गाय नांगराला जुंपू नये आणि दुपारनंतर नांगर चालवू नये, हेही त्यांच्या उपदेशात होते. अरण्यातील ध्यानातून उमललेली करुणा अशी थकलेल्या जनावरापर्यंत पोहोचली.

त्यांनी स्वतः लिहिलेला ग्रंथ नाही. त्यांचे चरित्र लोकस्मृतीत आणि पंथी गीतांत टिकले. त्यांचे पुत्र बालकदास यांनी पंथाची धुरा पुढे वाहिली. १८६० मध्ये त्यांची हत्या झाली. समतेच्या आग्रहाची किंमत पंथाला अशी मोजावी लागली.

१९५९ मध्ये भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली आणि परिसरातील खेड्यांतून आलेल्या कामगारांत सतनामीही होते. बिलासपूरचे केंद्रीय विद्यापीठ आज घासीदास यांच्या नावाने ओळखले जाते. गिरौदपुरीत त्यांच्या स्मरणार्थ कुतुबमिनारहून उंच, ७७ मीटरचा जैतखाम उभा आहे. गावोगावचे जैतखाम मात्र साधेच असतात : एक पांढरा खांब आणि त्यावर पांढरा ध्वज. त्याला भिंती नाहीत, गाभारा नाही आणि कोणाला अडवणारा उंबरठाही नाही.