वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज व गावातील तरुण सेवेकरी

आपल्या गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी ज्या थोर पुरुषाचे स्मरण प्रथम व्हावे, ते म्हणजे वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज होत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत खंजिरी ठाऊक नाही असे गाव विरळाच. महाराजांची तसबीर घरोघरी आहे, त्यांची भजने आबालवृद्धांना तोंडपाठ आहेत. परंतु गोरगरिबांच्या मुलांचे जिणे बदलावे म्हणून महाराजांनी गावोगावी तरुणांची जी संघटना उभी केली, तिचा विचार त्या मानाने कमी होतो. म्हणून महाराजांचे चरित्र येथे मुख्यतः त्या दृष्टीने थोडक्यात दिले आहे.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. पाळण्यातले नाव माणिक. वडील बंडोजी व आई मंजुळाबाई. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची होती. माणिकचे मन शाळेपेक्षा भजनात अधिक रमे. प्राथमिक शाळेच्या तीन-चार इयत्तांपलीकडे त्यांचे शिक्षण होऊ शकले नाही. वरखेड येथील संत आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. गुरूंच्या मुखातून तुकड्या हे नाव मिळाले आणि पुढे तेच नाव देशभर झाले.

गरीब घरचा, शाळा सुटलेला, घरात न टिकणारा असा हा मुलगा होता. अशी मुले त्या काळी प्रत्येक गावात होती व आजही आहेत. गाव त्यांना वाया गेलेली पोरे म्हणून सोडून देते. महाराजांचे पुढील सर्व कार्य पाहता, ज्या थरातून ते आले त्या थरातील मुलांचा त्यांना कधीही विसर पडला नाही, असेच म्हणावे लागते.

रामदिगी व गोंदेडा

गुरूंनी समाधी घेतल्यानंतर बाल तुकड्या रानावनांत हिंडू लागला. सालबर्डी, रामटेक, रामदिगी, गोंदेडा ही त्यांची तपश्चर्येची ठिकाणे. यांपैकी रामदिगी व गोंदेडा ही दोन्ही चिमूर भागातील, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील होत. वाघ-अस्वलांच्या या रानात त्यांनी साधना केली. गोंदेड्याची गुंफा आज तपोभूमी म्हणून ओळखली जाते व तेथे दरवर्षी मोठा महोत्सव भरतो.

रानातून महाराज लोकांत आले ते खंजिरी घेऊन. भाषा साधी, चाल सोपी, आवाज खडा. निरक्षर माणसालाही अर्थ कळावा असे ते भजन होते. १९३५ साली सालबर्डी येथे त्यांनी मोठा यज्ञ केला व त्यास अफाट जनसमुदाय लोटला. त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, महात्मा गांधींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला जाऊन सुमारे महिनाभर राहिले. भजनाला जमणारा हजारोंचा समुदाय गावाच्या कामाला लावण्याकडे यानंतर त्यांचा ओढा वाढत गेला.

चिमूरची क्रांती

१९४२ साली आपला जिल्हा चांदा या नावाने ओळखला जात होता. चिमूर व आसपासची गावे महाराजांच्या भजनांनी भारून गेली होती. १६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी चिमूरची जनता मिरवणुकीने निघाली. गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा तरुण हुतात्मा झाला. त्यानंतर जमाव खवळला व सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले. तीन दिवस चिमूर स्वतंत्र राहिले. मग फौज आली आणि गावावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार झाले त्यांनी सारा देश हादरला. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. अनेक गावकऱ्यांना फाशीच्या व काळ्या पाण्याच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. महाराजांची जन्मभूमी यावली येथेही त्याच महिन्यात गोळीबार होऊन लोक हुतात्मे झाले.

२८ ऑगस्ट १९४२ रोजी महाराजांना चांदा येथे अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. २ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची सुटका झाली.

चिमूरच्या तरुणांनी एका हाकेसरशी प्राण पणाला लावले, हे सर्वांनी पाहिले होते. एवढी शक्ती ज्या पोरांमध्ये आहे, त्यांच्या गावात मात्र अज्ञान, व्यसन, शिवाशीव व दारिद्र्य जसेच्या तसे होते. एका दिवसाच्या बलिदानाने परकीय सत्तेला धक्का बसतो, परंतु या घरच्या शत्रूंशी रोज लढावे लागते व त्याकरिता रोज उभे राहणारे लोक लागतात. महाराजांचे यापुढील कार्य या दिशेने गेले.

श्री गुरुदेव सेवा मंडळ

१९४३ साली श्री गुरुदेव सेवा मंडळाचे संघटित कार्य सुरू झाले व गावोगावी त्याच्या शाखा निघू लागल्या. शाखेला इमारत लागत नसे, वर्गणीची सक्ती नसे. पहाटे सामुदायिक ध्यान व संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, एवढा नेम असे. प्रार्थनेत समोर मूर्ती न ठेवता आसन ठेवीत. पाटील, कुणबी, तेली, ढीवर, महार, गोंड असे सारे एकाच सतरंजीवर, एकाच रांगेत बसत. ज्या काळी पाणवठा वेगळा, बसणे वेगळे, त्या काळी रोज संध्याकाळी ही पोरे मांडीला मांडी लावून बसत, यातच मोठी क्रांती होती.

प्रार्थना आटोपली म्हणजे गावच्या अडचणींचा विषय निघे. सकाळी झाडू व टोपली घेऊन ग्रामसफाई, रामधून, रस्त्याचे श्रमदान, विहिरीचा गाळ काढणे, प्रौढांना अक्षरओळख, मुलांना व्यायाम, आजाऱ्याची शुश्रूषा अशी कामे सेवेकरी वाटून घेत. उन्हाळ्यात मुलांकरिता सुसंस्कार शिबिरे भरविण्याची प्रथा पडली, ती आजही अनेक गावांत चालू आहे.

या पद्धतीचे मर्म नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. एखाद्या दात्याने गरीब मुलाला सदरा दिला, पाटी-पुस्तक दिले, तर पुण्यकर्म झाले यात शंका नाही. परंतु त्या मुलाचा बाप मोहाच्या दारूत कमाई घालवीत असेल, बहिणीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर असेल, मोहफुले व तेंदूपानाच्या हंगामात पोरालाच रानात जावे लागत असेल, तर ती पाटी चार महिन्यांत कोपऱ्यात पडते. ही कारणे एकट्या दात्याला दूर करता येत नाहीत, ती सर्व गावाने मिळून दूर करावी लागतात. म्हणून महाराजांनी दारूबंदी, साधे व सामुदायिक विवाह, हुंड्याला विरोध, अस्पृश्यतानिवारण व शिक्षण हे विषय एकाच वेळी हाती घेतले. दुसरे असे की, गरिबाच्या मुलाला त्यांनी केवळ घेणारा ठेवले नाही. त्याच्या डोक्यावर भगवी टोपी ठेवून त्यालाच सेवेकरी केले. काल ज्याला गावात कोणी विचारीत नव्हते, तो आज प्रार्थना सांगू लागला व चार वडीलधाऱ्यांपुढे बोलू लागला.

आपल्या भागाला हे नवखे नव्हते. माडिया-गोंड बांधवांच्या गोटुलात तरुण मुले-मुली एकत्र येऊन गावाची रीत व कामे शिकत आली आहेत.

ग्रामगीता

१९५५ साली महाराजांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. तीत ४१ अध्याय आहेत. सेवा-सामर्थ्य, संघटन-शक्ती, श्रम-संपत्ती, जीवन-शिक्षण, महिलोन्नती, दलित-सेवा, देव-मंदिर ही अध्यायांची नावेच ग्रंथाचा विषय सांगतात. जे शिक्षण हातांना काम व मनाला धैर्य देत नाही ते अपुरे, आणि जो धर्म शेजाऱ्याचे दुःख पाहत नाही तोही अपुरा, हा ग्रंथाचा गाभा आहे. मंदिर हे गावाच्या एकोप्याचे व शिकवणुकीचे ठिकाण व्हावे, तेथे सर्वांना मोकळेपणी येता यावे, अशीच महाराजांची भूमिका होती.

१९५५ मध्येच महाराज जपानला विश्वधर्म परिषदेस गेले. १९५६ साली भारत साधु समाजाची स्थापना झाली, तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. देशातील लाखो साधूंनी समाजाच्या कामाला लागावे, हा त्यामागील हेतू होता. भूदान चळवळीत त्यांनी विनोबाजींना साथ दिली. १९६२ च्या चीनच्या व १९६५ च्या पाकिस्तानच्या युद्धाच्या वेळी ते जवानांना धीर देण्याकरिता सीमेवर गेले. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला.

महानिर्वाण व स्मृती

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे महाराजांनी देह ठेवला. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीस दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक जेथे असतील तेथे स्तब्ध उभे राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतात. आपल्या जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यातील अड्याळ टेकडी येथे त्यांचे अनुयायी गीताचार्य तुकारामदादा यांनी ग्रामगीतेप्रमाणे गाव घडविण्याचे कार्य आयुष्यभर केले.

१९९५ साली भारत सरकारने महाराजांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ सुरू होईपर्यंत आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे त्या वर्षांत पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर अशा पुरुषाचे नाव आहे, ज्याला स्वतःला प्राथमिक शाळाही धड पुरी करता आली नव्हती.

आपले कर्तव्य

दारूबंदीचे उदाहरण सर्वांसमोर आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या मागणीवरून १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. कायदा येतो तसा जातोही. गावच्या तरुणांनी एकत्र बसून केलेला निश्चय मात्र त्यांच्या स्वतःच्या हातात असतो.

मंदिराचे नवे शिखर उभे राहिले, सभामंडपाला फरशी लागली, ही सर्वांच्या आनंदाची गोष्ट आहे. परंतु हा सभामंडप आरतीनंतर कुलूपबंद राहणार की गावच्या पोरांच्या कामी येणार, हे आता ठरावयाचे आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांपैकी एक कागद वेळेत न मिळाल्यामुळे शिष्यवृत्ती हुकते, वसतिगृहातील जागा जाते आणि हुशार मुलगा गुरांमागे किंवा परगावी मजुरीस लागतो. दरवर्षी हे घडते. निरक्षर आईबापाला तालुक्याच्या चार चकरा मारणे परवडत नाही व कोणता जुना कागद जोडावयाचा हेही कळत नाही. गावातील शिकलेले पाच-सहा तरुण आठवड्यातून एक संध्याकाळ मंडपात बसले, जून महिना उजाडण्याच्या आत प्रत्येक घरच्या मुलांची यादी करून त्यांचे अर्ज भरून देऊ लागले, तर एकही मूल कागदाअभावी मागे राहणार नाही. त्याच मंडपात रात्री अभ्यासिका चालावी, मुलींनाही तेथे निर्धास्तपणे बसता यावे. जी अडचण अर्जाने सुटत नाही ती सर्वांनी मिळून ग्रामसभेत मांडावी व ठराव करून घ्यावा. याला पैसा फारसा लागत नाही. एकत्र येण्याची सवय लागते आणि ती सवय लावण्याकरिताच महाराजांनी सामुदायिक प्रार्थना दिली.

मंदिराच्या जीर्णोद्धारास ज्या हातांनी विटा वाहिल्या, त्या हातांनी हेही काम उचलावे व श्रीचरणी ही सेवा रुजू करावी, हीच या शुभप्रसंगी प्रार्थना.

जय गुरुदेव!