फुलामुलांचे कवी आणि नगरची भजने : रेव्ह. नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता पाठ्यपुस्तकातून कित्येक पिढ्यांनी पाठ केली. रसिकांनी त्यांना फुलामुलांचे कवी म्हटले, आणि ते नाव त्यांना शोभतेही. परंतु फुलांवरच्या त्यांच्या कविता जितक्या वाचल्या जातात, तितका मुलांसाठी व तरुणांसाठी त्यांनी अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) केलेल्या एका कामाचा विचार होत नाही. ज्या मुलांना गाण्यासाठी स्वतःचे म्हणावे असे गीत नव्हते, त्यांच्या ओठी त्यांनी गीत दिले. टिळक कॅथॉलिक नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनचे पाळक होते. तरीही मराठी बोलणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती माणसाने त्यांचे ऋण आपल्यावर नाही असे म्हणू नये, असे आम्हांस वाटते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने कडक आणि रागीट. आई जानकीबाई मात्र गाण्यांची, भक्तिपर पदांची आवड असलेली. घरात एकीकडे धाक आणि दुसरीकडे आईच्या तोंडची पदे, अशा दोन टोकांमध्ये हा मुलगा वाढला. आई लहानपणीच गेली आणि त्या घरात नारायणाचे मन रमेना. तो नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेचे शिक्षण त्यास पुरते लाभले नाही. पुढे टिळकांनी घरच्यांना जे काही दिले आणि जे काही सोसायला लावले, त्या दोहोंची मुळे या बालपणात शोधता येतील. आईची गाणी त्यांच्याबरोबर आली, आणि वडिलांचा राग पुरता गेला नाही.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई. लग्नानंतरची पंधरा वर्षे टिळकांनी गावोगाव हिंडण्यात, शिकवण्यात, व्याख्याने व कीर्तने करण्यात घालविली. एकदा ते घरातून निघाले की परत केव्हा येतील याचा नेम नसे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका परदेशी गृहस्थाने त्यांना नवा करार वाचावयास दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात हाहाकार उडाला. लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांच्यापासून काही वर्षे त्यांची ताटातूट झाली. नंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनीही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही सारी कथा त्यांनी इतक्या मोकळेपणाने सांगितली आहे की ती आम्ही येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचले नसेल, त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे.

बाप्तिस्म्यानंतर टिळक नगरला आले आणि तेथील ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात शिकवू लागले. राहुरीसही त्यांचे काही वर्षे वास्तव्य होते. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ते नगर कसे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच्या मागोमाग प्लेग, आणि १८९९-१९०० चा दुसरा दुष्काळ, अशी आपत्तींची रांग लागली होती. मिशनच्या वसतिगृहांत अनाथ व निराधार मुले भरली होती. त्यांतील पुष्कळशी महार आणि मांग समाजांतली. गावात देवळाची पायरी ज्यांना बंद, पाणवठा बंद, आणि मोठ्यांपुढे मान वर करून बोलणेही बंद, अशा घरांतली ही मुले. शाळेत ती अक्षर शिकत होती. पण अक्षर शिकणे आणि तोंड उघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्षानुवर्षे गप्प राहण्याची सवय लागलेल्या घरातले मूल प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही उभे राहत नाही. शिक्षकी करणाऱ्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको.

आता या मुलांना उपासनेत गावे लागे ते काय? बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती इंग्रजी चालींवर बसविलेली होती. इंग्रजी चालीचा आघात एका ठिकाणी पडतो आणि मराठी शब्दाचा उच्चार दुसरीच मागणी करतो. त्यामुळे ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर आखडले जाई, आणि ओळीचा अर्थ चालीखाली दडपून जाई. मुले गात, परंतु पाठ केलेला धडा म्हणावा तसे गात. गंमत अशी की याच मुलांच्या घराण्यांत संगीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. मांगांची हलगी आणि वाजंत्री यांवाचून गावचे लग्न होत नसे. महारवाड्यात एकतारीवरची भजने रात्र रात्र चालत. मुलांच्या अंगात ताल होता, कानांत चाली होत्या. चर्चच्या दारात मात्र ते सारे बाहेर ठेवून यावे लागे, असे त्यांस वाटत असल्यास नवल नव्हते.

देशी चालींचा वापर टिळकांनी प्रथम केला असे मात्र नव्हे. १८६० च्या दशकातच नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते, आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. टिळकांनी जे केले ते असे की, तुकोबा-ज्ञानोबांच्या वाणीत मुरलेल्या प्रतिभेने त्यांनी अभंग, पदे आणि भजने विपुल लिहिली. तुकारामांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तचरणी आलो, अशी त्यांची भावना होती. मिशनच्या गीतसंग्रहात पुढे त्यांची अडीचशेच्या आसपास गीते समाविष्ट झाली. 'उपासना संगीत' उघडून गीतकारांची नावे पाहत गेल्यास हे नाव किती वेळा भेटते, ते कोणासही दिसेल.

अभंगाचे सामर्थ्य कशात आहे याचा थोडा विचार करू. मोठ्या अभंगाच्या चरणाचे चार खंड. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या खंडात. मात्रांचा कठोर हिशेब नाही, गणांचे बंधन नाही. निरक्षर माणसाच्या बोलण्यातही ही लय आपोआप येते. त्यातून भजनाची रीत अशी की एकाने ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी ती उचलावी. भित्र्या मुलाला याहून सोयीची शाळा नाही. प्रारंभी तो कोरसात लपतो. त्याचा आवाज कोणाला वेगळा ऐकू येत नाही, त्यामुळे चुकण्याची लाज नाही. मग त्याच्या हाती टाळ येतात आणि सर्वांचा ताल आपण सांभाळतो आहोत, हे त्याच्या ध्यानी येते. एखाद्या दिवशी म्हणणारा आजारी पडतो आणि पहिली ओळ त्याला म्हणावी लागते. तो म्हणतो, आणि पन्नास माणसे त्याची ओळ उचलतात. ज्याच्या बोलण्याला आजवर कोणी होकारही दिला नव्हता, त्याच्या मागोमाग पन्नास माणसे गातात, ही गोष्ट लहान नव्हे. कीर्तनात तर याही पुढे जावे लागते. उभे राहून कथा सांगावी लागते, पद म्हणावे लागते, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहावे लागते.

भाषेचीही एक गोष्ट येथे येते. मराठी भक्त देवाला 'तू' म्हणतो. त्याच्याशी भांडतो, रुसतो, त्याला आई म्हणून हाक मारतो. टिळकांनी प्रभू येशूला हीच माउलीची हाक दिली. गावच्या पाटलापुढे 'जोहार' म्हणून वाकणाऱ्या बापाच्या मुलाने विश्वाच्या धन्याला 'तू' म्हणून आळवावे, आणि तेही एका चित्पावन कवीने त्याच्यासाठी लिहिलेल्या शब्दांत! या गोष्टीचे मोल समाजशास्त्राच्या ग्रंथांत फारसे मोजले गेलेले नाही.

ख्रिस्ती तरुणांना तेव्हा आणखी एक टोचणी होती. धर्म बदलला म्हणजे देशही बदलला, असे त्यांना हिणवले जाई. टिळक स्वतः कडवे देशभक्त होते. हिंदुस्थानच्या प्रेमाची गीते त्यांनी मोठ्या संख्येने लिहिली आणि तीही गाण्याजोगी लिहिली. वादात हरणाऱ्या तरुणाला उत्तर सापडले नाही तरी गीत सापडत होते. टिळकांचे परदेशी मिशनऱ्यांशीही पुष्कळदा पटले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

टिळकांच्या घरी वाढलेल्या तरुणांपैकी एकाचे नाव सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे: त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या मुलाने कविता म्हणून दाखविली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यास 'बालकवी' ही पदवी दिली. टिळक त्या संमेलनास उपस्थित होते. त्या काळी कविता ही कागदावर वाचण्याची नव्हे, चालीवर म्हणण्याची वस्तू होती. पुढे ठोमरे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले. ते हळवे होते, एकलकोंडे होते, चटकन रुसत. टिळकही चटकन रागावत. तेव्हा त्या घरातील भांडणे व समेट कसे रंगत असतील, याची कल्पना 'स्मृतिचित्रे' वाचताना येते. लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या मुलासारखे सांभाळले. ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. पाळकाच्या घरी राहणाऱ्या या तरुणाने काय लिहावे, याचे बंधन कोणी घातले नाही. निर्झर, फुले, पाऊस, उदासी यांविषयी जे त्याला सुचले ते त्याने लिहिले.

टिळक संत होते, असे चित्र आम्हांला रंगवावयाचे नाही. पैसा हाती टिकत नसे. घरी काही नसताना ते दुसऱ्यास देऊन मोकळे होत. अचानक घर सोडून जाण्याची खोड नगरलाही सुटली नाही. बाहेरच्या मुलांना त्यांनी जो धीर दिला, तो घरच्या माणसांना पुष्कळदा सोसण्याच्या रूपाने द्यावा लागला. १९१७ साली त्यांनी मिशनच्या चाकरीचा त्याग करून 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र असावेत, अशी त्यांची कल्पना होती. हे कार्य मूळ धरण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बालकवी त्याच्या एक वर्ष आधी, ५ मे १९१८ रोजी, भादली येथे रेल्वेखाली सापडून गेले होते. तेव्हा त्यांचे वय पुरते अठ्ठावीसही नव्हते.

आपल्या कॅथॉलिक परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचून हीच वाट फार पूर्वी दाखविली होती. परंतु मिस्साबळीची भाषा लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले आणि लोकांच्या भाषेला व त्यांच्या संगीतपरंपरेला वेदीजवळ जागा दिली. त्यानंतर आपल्या धर्मग्रामांत मराठी गायकवृंद उभे राहू लागले. टिळकांना जाऊन तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. आज आपल्या गायकवृंदात पेटी-तबल्याशेजारी कीबोर्ड आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. तयार ट्रॅक वाजवून त्यावर ओठ हलविण्याची रीत मात्र आम्हांस पटत नाही. यंत्र चुकत नाही हे खरे. पण मग पहिली ओळ म्हणण्याची पाळी कोणावरही येत नाही.

टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभले होते. आरंभीचे काही अध्याय लिहून झाले आणि ते तसेच राहिले. पुढचे बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती; ती टिळकांनी करून दिली होती. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, तेव्हा शेवटचा अध्याय उरला होता. तो मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ साली 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले.