एक शिष्यवृत्ती गमावली, दुसरीने घडवले : श्रीनिवास रामानुजन यांची जीवनकथा

दरवर्षी २२ डिसेंबर रोजी देशभर राष्ट्रीय गणित दिन साजरा होतो, तो श्रीनिवास रामानुजन यांच्या स्मरणार्थ. त्यांच्या अलौकिक प्रतिभेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र, या प्रतिभेची वाट एका शिष्यवृत्तीच्या नियमाने अडवली आणि दुसऱ्या शिष्यवृत्तीने मोकळी केली, हा भाग तुलनेने कमी सांगितला जातो.

रामानुजन यांचा जन्म १८८७ मध्ये इरोड येथे आजोळी झाला. बालपण कुंभकोणममध्ये गेले. वडील कापडाच्या पेढीवर कारकून होते; घरची मिळकत बेताची होती. प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात अग्रस्थान मिळवल्यामुळे टाऊन हायस्कूलमध्ये त्यांना अर्ध्या फीची सवलत मिळाली. याच शाळेत असताना जी. एस. कार यांचा सुमारे पाच हजार सूत्रांचा संग्रह त्यांच्या हाती पडला. त्या ग्रंथात सिद्धता जवळपास नव्हत्याच. त्या शोधण्याचा छंद या मुलाला जडला आणि तोच पुढे आयुष्याचा ध्यास झाला.

१९०४ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करताना गणिताचे पारितोषिक मिळवून रामानुजन कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी म्हणून दाखल झाले. ही शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी सर्व विषयांत उत्तीर्ण होणे आवश्यक होते. गणितात बुडालेल्या या विद्यार्थ्याचे इतर विषयांकडे लक्षच नव्हते. इंग्रजीत तो अनुत्तीर्ण झाला आणि शिष्यवृत्ती बंद झाली. फीचा भार कुटुंबाला पेलणारा नव्हता. १९०५ मध्ये ते कोणालाही न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात पुन्हा प्रयत्न झाला, पण एफ. ए. परीक्षेत त्यांना दोनदा अपयश आले. पदवीचा मार्ग तिथेच खुंटला.

त्यानंतरची काही वर्षे हलाखीची होती. १९०९ मध्ये जानकी यांच्याशी विवाह झाल्यावर उपजीविकेचा प्रश्न अधिकच तीव्र झाला. कागद महाग असल्याने रामानुजन पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने ती पुसत आणि केवळ निष्कर्ष वहीत उतरवत. याच वह्या बगलेत घेऊन ते एकेका दारी जात राहिले. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर यांनी त्या वह्यांचे मोल ओळखले. नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव काही काळ स्वतःच्या खिशातून त्यांचा मासिक खर्च चालवत होते. परंतु दुसऱ्याच्या आश्रयावर फार काळ राहणे रामानुजन यांना मानवले नाही. १९१२ मध्ये त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपये पगाराची कारकुनी पत्करली.

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना आपली सूत्रे पत्राने पाठवली. त्याच सुमारास मद्रासला आलेले हवामान खात्याचे तत्कालीन प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी वह्या पाहून विद्यापीठाकडे शिफारस केली. साधी पदवीही नसलेल्या उमेदवाराला संशोधन शिष्यवृत्ती द्यावी का, हा विद्यापीठापुढील प्रश्न होता. मद्रास विद्यापीठाने नियमांना मुरड घातली आणि मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपये मंजूर केले. दर तिमाहीला कामाचा अहवाल सादर करणे एवढीच प्रमुख अट होती. पगाराच्या अडीचपट रक्कम आणि दिवसभराची मोकळीक, दोन्ही त्यांना आयुष्यात प्रथमच लाभले.

वर्षभरातच केंब्रिजला जाण्याचा योग आला. विद्यापीठाने वार्षिक २५० पौंडांची शिष्यवृत्ती आणि प्रवासखर्च दिला. त्यातील ५० पौंड भारतातील कुटुंबासाठी राखून ठेवले गेले. ट्रिनिटी कॉलेजने आणखी ६० पौंडांची भर घातली. घरची चिंता मिटल्यामुळे रामानुजन मार्च १९१४ मध्ये निर्धास्तपणे जहाजात बसले. १९१६ मध्ये संशोधनाच्या आधारे त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली. पूर्णांकांच्या विभाजनाविषयीचे हार्डी यांच्यासमवेत केलेले त्यांचे काम आजही मूलभूत मानले जाते. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मुंबईचे अर्देशीर कर्सेटजी यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरे भारतीय. त्याच वर्षी ट्रिनिटीचे फेलो होणारे ते पहिले भारतीय ठरले.

तोवर महायुद्धाच्या काळातील परदेशवास आणि आजारपण यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. मायदेशी परतण्याच्या बेतात असताना मद्रास विद्यापीठाने त्यांना पाच वर्षांसाठी दरसाल २५० पौंड देऊ केले. जानेवारी १९१९ मध्ये रामानुजन यांनी विद्यापीठाला आभाराचे पत्र लिहिले. ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा अधिक आहे, असे त्यांनी त्यात नम्रपणे कळवले. आई-वडिलांसाठी ५० पौंड आणि आवश्यक खर्च वगळून उरलेले पैसे गरीब व अनाथ मुलांच्या फीत सवलत देण्यासाठी आणि शाळांना पुस्तके पुरवण्यासाठी वापरावेत, अशी त्यांची इच्छा होती.

मार्च १९१९ मध्ये ते मुंबई बंदरात उतरले आणि तेथून मद्रासला गेले. अखेरच्या वर्षातही अंथरुणावरून गणित सुरूच होते. मॉक थीटा फलनांचा शोध याच काळातील. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या मुलाचे शिक्षण एकेकाळी अर्ध्या फीच्या सवलतीवर उभे राहिले आणि शिष्यवृत्ती जाताच कोलमडले, त्याने हाती पैसा येताच आपल्यासारख्याच मुलांची फी आठवली होती.