पक्षिवेत्ते सलीम अली

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईस झाला. आईबाप लवकरच निवर्तल्यामुळें मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनीं त्यांचा सांभाळ केला. पोरवयांत छर्‍याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्याशीं त्यांस पिवळा डाग दिसला. ती कोणत्या जातीची, हें विचारावयास ते मामांच्या सांगण्यावरून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरींत गेले. चिटणीस मिलार्ड साहेबांनीं पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला आणि मुलाचें चित्त तेथेंच जडलें.

पुढें बर्लिनला स्ट्रेसमान या पंडितांजवळ शिकून ते १९३० सालीं परतले, पण मुंबईंत मनाजोगी नोकरी मिळेना. तेव्हां पत्नी तेहमिना यांसह ते अलिबागेजवळ किहीम येथें समुद्रकांठच्या घरांत राहावयास गेले. रिकामपणाचें तें घर हीच त्यांची खरी शाळा ठरली. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिच्यावर ते तासन्तास नजर ठेवून बसत. आपण कौतुकानें 'सुगरण' म्हणतों खरें, पण विणकाम सारें नराचें! घरटें अर्धें झालें कीं मादी येऊन पारखते व पसंत पडलें तरच राहते. मग तें पुरें करून नर दुसर्‍या मादीसाठीं नवें विणावयास घेतो. हा शोध १९३१ सालीं छापला गेला. तेहमिनाबाई १९३९ सालीं वारल्या. दोन वर्षांनीं रंगीत चित्रांनीं नटलेला त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ निघाला आणि सामान्य मनुष्यासही पक्षी ओळखूं येऊं लागले.

नंदुरबारकरांस मात्र त्यांचें एक अपयश अधिक जवळचें वाटेल. रानपिंगळा नांवाचें लहानसें घुबड जेम्स डेव्हिडसन या अधिकार्‍यास १८८० नंतरच्या दशकांत खानदेशांत मिळालें होतें. पुढें तें दिसेनासें झालें. कर्नल माइनर्ट्झहागेन, ज्यांच्यासह सलीम अली १९३७ सालीं अफगाणिस्तानांत हिंडले, त्यांनीं डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयांतून चोरून त्यावर १९१४ साल व गुजराथेंतील मांडवी अशी खोटी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीनें शोधकांची दिशाभूल झाली. सलीम अली व रिप्ले यांनींही पक्षी शोधला. तो सांपडला नाहीं. २० जून १९८७ रोजीं सलीम अली वारले.

लबाडी उघडकीस आल्यावर पामेला रासमुसेन व त्यांचे सोबती डेव्हिडसनच्या खर्‍या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, तेव्हां धुळे जिल्ह्यांत असलेल्या आपल्या शहाद्याजवळच्या रानांत, निष्पर्ण झाडावर सकाळच्या उन्हांत रानपिंगळा बसलेला त्यांस दिसला.