दहा वर्षांचा बाँड, अकरा दिवसांचा मुक्काम

कॅम्पसमधून सिलेक्शन झालं की ऑफर लेटरसोबत बाँडचा कागदही येतो. अमुक वर्षं सोडून जायचं नाही, गेलात तर इतके पैसे भरा. पण कंपनीनंच जॉइनिंग सहा महिने पुढे ढकललं, तर तिनं काय भरायचं? हे कुठल्या कलमात सापडतंय का, जरा शोधून बघा.

असा एक कागद ४ जून १९१३ रोजी बडोद्यात लिहिला गेला. उमेदवार होते भीमराव रामजी आंबेडकर, वय २२. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. महाराजांचा हेतू चांगला होता, यात शंकाच नाही. त्या काळात असा पैसा देणारं दुसरं होतं तरी कोण?

१९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेब करार पाळायला परतले. बोटीनं पाठवलेलं सामान वाटेतच बुडालं होतं. त्याची नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला. म्हणजे नोकरीवर हजर व्हायचा खर्चही पदरचाच!

महालेखापालांच्या कचेरीत ते प्रोबेशनर म्हणून रुजू झाले. कोलंबियाचा एम.ए. झालेला, पीएच.डी.चा प्रबंध लिहून आलेला हा माणूस. त्याच्या टेबलावर शिपाई लांबूनच फायली फेकत. कचेरीत प्यायला पाणी मिळेना. शहरात तर एका महाराला भाड्यानं खोली द्यायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्जही केला, पण त्यावर काही हलेना. वरून हुकूम सुटतात, खाली ते कारकुनाच्या टेबलावर पडून राहतात. हे आपल्याला नवीन नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत असतानाच काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर, असा दम देऊन गेले. बाबासाहेबांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनीही कारणं सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला आणि बडोदं सोडलं.

करारात उमेदवारानं काय करायचं, ते वर्षांच्या हिशेबानं लिहिलं होतं. त्यानं राहायचं कुठे, पाणी कुठलं प्यायचं, याची जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती. तरी कागदापुरतं बघाल, तर करार मोडला तो बाबासाहेबांनी!

पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. तिथंही स्टाफरूममधल्या माठातलं पाणी त्यांनी घेऊ नये, म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. वर्गात मात्र दुसऱ्या कॉलेजांतली पोरं त्यांचं लेक्चर ऐकायला येऊन बसायची. बाबासाहेब काटकसर करून पैसे साठवत राहिले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज यांची भर पडली. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडन गाठलं. या खेपेला कुणाचा बाँड नव्हता.